डब्यातलं तेल, चहातलं दूध, वाटणातलं खोबरं: मेदाम्लांचा घरगुती हिशेब

दाणेकूट (धागाकर्ती)

"कोणतं तेल चांगलं?" हा धागा इथे दर पंधरवड्याला नव्याने निघतो. तिसऱ्या प्रतिसादाला घाणा विरुद्ध रिफाइंड सुरू होतं, तिसाव्याला कुणीतरी तुपाची आरती ओवाळतं, आणि मूळ विचारणारा तसाच निघून जातो. म्हणून सगळं एका जागी आणूया. आकडे घेऊन या, कारण द्या. आत्याच्या कोलेस्टेरॉलचे किस्से दुसऱ्या धाग्यावर.

आधी प्रमाण, मग जात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस बैठं काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरून घेतलेल्या तेला-तुपाची आहे. वरचं म्हणजे फोडणी, तळण, पोळीवरचं तूप सगळं धरून. चौघांच्या घराला अगदी सढळ हाताने रोजचे १०० ग्रॅम धरले तरी महिन्याला ३ किलो, म्हणजे साधारण ३.३ लिटर. ५ लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ४.५५ किलो तेल असतं. तो दीड महिना पुरायला हवा. महिन्यात संपत असेल तर माणशी ३८ ग्रॅम जातंय, आणि त्यात तूप, लोणी, बाहेरचं खाणं अजून धरलेलंच नाही. अशा घरात करडई की सूर्यफूल हा वाद नंतर घालावा.

मोजायचं कसं: कॅनवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा. फोडणीची पळी वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, पाण्याने काठोकाठ भरा. जेवढे ग्रॅम पाणी, त्याला ०.९१ ने गुणा. तेवढे ग्रॅम तेल त्या पळीत मावतं. पाच मिलिच्या चमच्यात साडेचार ग्रॅम येतं. घरोघरच्या पळ्या १२ पासून ३० ग्रॅमपर्यंत काहीही निघतात, त्यामुळे पाककृतीतल्या "दोन पळ्या तेल" याला काही अर्थ नाही.

---

अठराकार्बन

रसायनाची बाजू मी घेतो, थोडक्यात.

तेल-तूप बनतं मेदाम्लांचं, आणि मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. साखळीत दुहेरी बंध नसेल तर ते सॅच्युरेटेड, एक असेल तर मोनो, जास्त असतील तर पॉली. १८ कार्बनची एकच साखळी घ्या. तिच्यात दुहेरी बंध नसेल तर ते स्टिअरिक आम्ल; ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. एक बंध आला की ओलेइक, १३ अंशांच्या आसपास. दोन आले की लिनोलेइक, उणे ५. तीन आले की अल्फा-लिनोलेनिक, उणे ११. प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते, वाकड्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. आता ओलेइकमधला तोच एक बंध दुसऱ्या बाजूने वळवा: साखळी सरळ होते, वितळबिंदू ४५ अंशांवर जातो. हे एलायडिक आम्ल, म्हणजेच ट्रान्स फॅट. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन अर्धवट सोडला की हेच तयार होतं. वनस्पती तुपाचा जन्म असाच. हायड्रोजन पूर्ण सोडला तर ट्रान्स उरत नाही, सगळं स्टिअरिक होतं.

आपल्या शरीराला साखळीच्या शेपटीकडच्या बाजूला बंध घालता येत नाही. म्हणून लिनोलेइक हे ओमेगा-६ आणि अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३, ही दोन बाहेरूनच यावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ साली उंदरांना पूर्ण मेदरहित आहार देऊन दाखवलं, की वाढ खुंटते, कातडी खवल्यांची होते. त्याआधी मेद म्हणजे नुसतं जळण समजत.

दर १०० ग्रॅम तेलात काय असतं ते ढोबळ देतो. वाण आणि हंगामानुसार थोडं इकडेतिकडे होतं.

शेंगदाणा: सॅच्युरेटेड १८, ओलेइक ४८, लिनोलेइक ३०. ओमेगा-३ जवळजवळ नाही.
सूर्यफूल: ११, २५, ६२. ओमेगा-३ नाही.
करडई, नेहमीची: ९, १४, ७५. ओमेगा-३ नाही. पण हाय-ओलेइक करडईत चित्र उलटं, ओलेइकच ७५ च्या पुढे. दोन्ही "करडई तेल" याच नावाने विकली जातात. पाकिटामागचा मोनो-पॉलीचा तक्ता वाचल्याशिवाय कळत नाही.
सोयाबीन: १५, २३, ५३ आणि ओमेगा-३ सुमारे ७.
राईस ब्रान: २१, ४२, ३४.
तीळ: १५, ४०, ४३.
मोहरी: सॅच्युरेटेड ७ च्या आसपास, ओमेगा-३ सुमारे १०, पारंपरिक वाणात ४० हून जास्त इरुसिक आम्ल.
पाम: निम्मं सॅच्युरेटेड, त्यातलं बहुतेक पामिटिक.
खोबरेल: ९० टक्के सॅच्युरेटेड, निम्मं लॉरिक.
तूप: ६२ ते ६५ सॅच्युरेटेड.
जवस तेल: ५० ते ५५ निव्वळ ओमेगा-३.

पुण्यातल्या सर्वसाधारण घरात यातली पहिली तीनच तेलं फिरून फिरून येतात, आणि तिन्हींत ओमेगा-३ च्या रकान्यात शून्य आहे.

---

सायसाखर

मग सूर्यफुलाने अंगात सूज वाढते म्हणतात ते खरंच ना? ओमेगा-६ जास्त म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो.

---

रिपोर्टवाचक

सायसाखर, त्या व्हिडिओतली साखळी अशी असते: लिनोलेइकपासून अ‍ॅराकिडॉनिक, त्यापासून सूज वाढवणारे रेणू, म्हणून सूर्यफूल वाईट. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात माणसांना जास्त लिनोलेइक दिलं तरी रक्तातलं अ‍ॅराकिडॉनिक फारसं हलत नाही, कारण शरीर हे रूपांतर घट्ट आवळून धरतं. सूज दाखवणारे रक्तातले निर्देशकही वाढलेले दिसत नाहीत.

विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र लपवू नये. सिडनीत १९६६ ते १९७३ मध्ये हृदयविकार झालेल्या पुरुषांना करडईचं तेल आणि त्याचंच मार्जरीन दिलं. जुना तपशील २०१३ मध्ये पुन्हा तपासला तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त निघाले. मिनेसोटातला प्रयोग मक्याच्या तेलाचा; २०१६ च्या फेरतपासणीत कोलेस्टेरॉल उतरलं होतं, मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. टीकाकारांचं उत्तर असं की तेव्हाच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स असायचं आणि मिनेसोटात बरेच रुग्ण थोडे दिवसच आहारावर होते. दोन्हींत तथ्य आहे. सगळे प्रयोग एकत्र धरले तर सॅच्युरेटेड कमी केल्याने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असं वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२० चा आढावा सांगतो. त्या जागी पॉली घातलं तेव्हा फायदा स्पष्ट दिसतो.

त्यातून मी घेतो ते एवढंच: ओमेगा-६ ला घाबरून तूप-खोबरेलाकडे पळायचं कारण नाही, आणि निव्वळ लिनोलेइकचं एकच तेल वर्षानुवर्षं ओतत राहायचंही नाही. भर घालायची आहे ती ओमेगा-३ ची.

"कशाच्या जागी काय" हे विसरलं की सगळा घोळ होतो. सॅच्युरेटेड काढून तिथे पॉली आलं तर एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) उतरतं. तिथे मैदा, साखर, साबुदाणा आला तर ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) चढतं, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) घसरतं, आणि हृदयाला काडीचा फायदा दिसत नाही. "तेल बंद केलं, तरी रिपोर्ट वाईटच" म्हणणाऱ्यांच्या ताटात भात-पोळीचा ढीग वाढलेला असतो.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ सालचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात चरबी जास्त, बरीचशी पोटात, आणि रिपोर्टात ठरलेली जोडी: ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. अशा माणसाने तेल १० ग्रॅमवर आणून तीन वाट्या भात खाल्ला तर उलटंच होणार.

एक अपवाद. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे एकूण मेदच खाली आणावा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीत. धागा वाचून नाही.

---

वजनकाटा

सॅच्युरेटेडचं बजेट मांडतो. २००० कॅलरीच्या आहारात १० टक्के म्हणजे २२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तीच. आता एका माणसाचा पुणेरी दिवस:

फुल क्रीम दूध, चहा-दही-रात्रीचं मिळून पाव लिटर: ६ टक्के स्निग्धांशाने १५ ग्रॅम मेद, सॅच्युरेटेड साडेनऊ.
साजूक तूप दोन छोटे चमचे, १० ग्रॅम: सव्वासहा.
वाटणातलं सुकं खोबरं १५ ग्रॅम: साडेआठ.
शेंगदाणा तेल २० ग्रॅम: साडेतीन.

झाले पावणेअठ्ठावीस. फरसाण, खारी, बाकरवडी अजून ताटात आलेलीच नाही. आणि भांडण कशावरून, तर साडेतीन ग्रॅमवाल्या तेलावरून!

फुल क्रीमच्या जागी ३ टक्क्यांचं टोन्ड दूध घेतलं की एका फटक्यात पावणेपाच ग्रॅम वाचतात. खोबरं निम्मं करून त्याजागी भाजलेले तीळ किंवा दाणे वाटले तर आणखी साडेतीन. तूप तसंच ठेवून माणूस २० च्या खाली येतो.

दूध तापवून साय काढली म्हणजे सुटलो, असा समज आहे. त्याच सायीचं विरजण, त्याचं लोणी, त्याचं तूप, आणि ते त्याच घरातल्या चौघांच्या वरणभातावर. मेद घरातच फिरला. साय काढणं तेव्हाच मोजायचं जेव्हा त्या तुपामुळे दुसरं काहीतरी कमी आणलं जातं.

---

सायसाखर

वजनकाटा काका, पण दही-दुधातलं सॅच्युरेटेड इतकं वाईट नसतं असंही वाचलंय. आणि खोबरेलातलं तर मीडियम चेन, ते लगेच जळतं.

---

अठराकार्बन

पहिलं बऱ्याच अंशी खरं. तेवढाच मेद लोण्यातून दिला तर एलडीएल जास्त चढतं आणि चीजमधून दिला तर कमी, हे प्रयोगांत दिसलंय. दुधातलं कॅल्शियम, प्रथिनं, मेदकणांभोवतीचं आवरण, यांचा हात असावा. त्यामुळे वजनकाटा यांच्या यादीतले साडेनऊ ग्रॅम लोण्याइतके जड धरू नका. शून्यही धरू नका. स्टिअरिक आम्लही एलडीएलला फारसं हलवत नाही. चढवणारी मुख्यतः लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक.

दुसरं नाही. मीडियम चेन म्हणून जे वेगळं विकतात ते ८ आणि १० कार्बनचं. खोबरेलात ते जेमतेम १५ टक्के. १२ कार्बनचं लॉरिक आतड्यातून थेट यकृतात न जाता बहुतेक करून लांब साखळ्यांसारखंच लसिकेच्या वाटेने जातं. खोबरेलाचे सगळे प्रयोग एकत्र करून २०२० साली जो आढावा आला, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त निघालं. एचडीएलही ४ ने वाढतं, ते सांगून लोक थांबतात.

सोलकढी प्या, माशाच्या आमटीत ओलं खोबरं घाला. सकाळी उठून दोन चमचे खोबरेल पिण्याचा उद्योग मात्र कळत नाही.

---

लाकडी_घाणा

आमच्याबद्दल बोलणं चालू आहे म्हणून लिहितो. घाण्यावर काढलं म्हणून मेदाम्लं बदलत नाहीत. शेंगदाण्याचं प्रोफाइल घाण्यातही तेच, रिफाइंडमध्येही तेच. हे आमच्या धंद्यातले लोक सांगत नाहीत. वास, चव, थोडं जास्तीचं ई जीवनसत्त्व, फायटोस्टेरॉल (वनस्पतींतलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य): एवढं राहतं. रिफाइंडमध्ये कॉस्टिकने मोकळी आम्लं काढतात, मातीने रंग काढतात, आणि निर्वात पात्रात २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास काढतात. त्या उष्णतेत किंचित ट्रान्स तयार होतं. हेक्झेनचा बाऊ जास्त होतो: ते ६९ अंशांना उडतं, आणि तेलात ५ पीपीएमपेक्षा (दहा लाखात पाच भाग) जास्त राहू नये असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे.

घेताना काय बघायचं ते सांगतो. अडीच किलो दाण्यांतून साधारण एक किलो तेल निघतं. पेंडीचे पैसे सुटतात हे खरं, तरी मार्केट यार्डातला दाण्यांचा भाव अडीचने गुणून बघा. तेल त्याहून फारच स्वस्त मिळत असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. दाणे डोळ्यांनी बघा: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे, फुटके वेचून काढलेले असायला हवेत. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, हा घाण्याच्या तेलाचा खरा धोका. रिफायनिंगमधल्या कॉस्टिकने आणि मातीने ते बरंचसं निघून जातं, घाण्यात ते गाळाबरोबर तेलात उतरतं. म्हणून ताजं गढूळ तेल "अस्सल" म्हणून उचलू नका; दोन-तीन दिवस निवळलेलं, वरचं, गाळलेलं घ्या. बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ दिसला तर परत करा.

आणि घाण्याच्या तेलात कढईभर तळण नको. मोकळी आम्लं जास्त असल्याने ते लवकर धुरावतं, १६० अंशांच्या सुमारास. रिफाइंड शेंगदाणा २३० पर्यंत टिकतं. फोडणी, भाजी, चटणीवर कच्चं, पोह्यांवर: तिथे त्याचा पैसा वसूल.

---

पोळीभाजी

+१. घाणेवाल्याने एवढं खरं बोललेलं पहिल्यांदा वाचलं.

तळणाचं पुरतं लिहून टाकते, कारण घरोघर तिथेच घाण होते. तेल १७० ते १८० अंशांवर असावं; लाकडी चमच्याचं टोक बुडवल्यावर भोवती बारीक बुडबुडे सलग यायला लागतात तो टप्पा. त्याखाली वडा तेल पितो, त्यावर तेल तुटायला लागतं. पिठातलं पाणी तेलात जातं, मेदाचे तुकडे होऊन मोकळी आम्लं वाढतात, धूर लवकर येतो, कढईवर फेस बसतो. पॉली जास्त असलेल्या तेलात हवेमुळे पेरॉक्साइड आणि त्यापुढे अल्डिहाइड तयार होतात. लिनोलेइकचा वेग ओलेइकच्या दहा पटींहून जास्त. म्हणून तळणाला नेहमीचं करडई-सूर्यफूल वाईट. शेंगदाणा, राईस ब्रान किंवा हाय-ओलेइक बरं.

पुन्हा तापवलेल्या तेलात "ट्रान्स होतं" म्हणतात. होतं, पण फार थोडं. खरा दोष तेल तुटून बनणाऱ्या ध्रुवीय संयुगांचा. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवलीये. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना नोंद ठेवावी लागते, आणि बाद तेल बायोडिझेलकडे जावं अशी योजना आहे.

घरात: कढई छोटी आणि खोल घ्या, तेल कमी लागतं आणि हवेला उघडा पृष्ठभाग लहान राहतो. तळून झालं की पूर्ण निववा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा, कारण बेसनाचे जळके कण पुढच्या वेळी तेल नासवतात. ते तेल दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा, पुन्हा तळायला नको. जुन्यात नवं ओतून "चालवून घेणं" सगळ्यात वाईट. नवं तेलही जुन्याच्या वेगाने जातं. चिकट झालं, रंग गडद झाला, गॅस मंद असताना फेस आला की फेकायचं. मोरीत नाही, बाटलीत भरून.

---

दाणेकूट

पोळीभाजी ताई, हे वर चिकटवून ठेवायला हवं.

आता ओमेगा-३ कडे. तेल बदलून ते साधेल का? शेंगदाणा ७० आणि मोहरी ३० असं मिश्रण केलं तर ओमेगा-६ आणि ३ चं प्रमाण साडेआठास एक येतं. ५ ते १० या आपल्याकडच्या शिफारशीत बसतं. पण मोहरीच्या वासाची भेंडी आपल्याकडे कोण खाणार? सोयाबीन निम्मं मिसळलं तरी बारास एक. बाजारातलं मिश्र तेल घ्यायचं तर दोनच तेलं असतात, प्रत्येक किमान २० टक्के, आणि अ‍ॅगमार्कचा शिक्का सक्तीचा. टक्केवारी पुढेच छापलेली असते, ती वाचा.

त्यापेक्षा तेल आहे तेच ठेवा आणि रोज १० ग्रॅम जवस खा. त्यातून सव्वादोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक मिळतं. दिवसाची गरज एक ते दोन ग्रॅम. शेंगदाणा तेल २० ग्रॅमने आलेलं ६ ग्रॅम ओमेगा-६ आणि धान्य-डाळींतलं साधारण ५ धरलं तरी प्रमाण पाचास एकवर येतं. तेलाचा ब्रँड बदलून एवढा फरक पडत नाही.

चटणी: पाव किलो जवस निवडून, जाड कढईत मंद आचेवर. तडतड सुरू होऊन एक दाणा चावल्यावर कुरकुरीत लागला की बंद, साधारण पाच मिनिटं. करपला की कडू. ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट असताना मिक्सरला लावलं तर तेल सुटून गोळा होतो. मीठ, तिखट, भाजलेलं जिरं घालून थांबत थांबत फिरवा. लसूण घालायचा तर खाण्यापुरत्या भागात, ओलाव्याने टिकत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दोन आठवड्यांपुरतीच. अख्खे दाणे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून कूट हवंच. चहाचे तीन-चार सपाट चमचे म्हणजे १० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात निम्म्याने सुरुवात करा, नाहीतर पोट गुडगुडतं; पाणी भरपूर. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

३० ग्रॅम अक्रोडात अडीच ग्रॅम मिळतं, पण पैसे बघा. हळीवातही असतं, १० ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास. कारळ्यात नाही, ते जवळजवळ निव्वळ ओमेगा-६. चटणी म्हणून खा, या कामासाठी नको.

---

अठराकार्बन

एक इशारा. हार्डवेअर-रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल खायचं नाही. त्याच गुणामुळे, तीन दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनशी जोडून घट्ट पापुद्रा धरतात म्हणून, ते लाकडावर लावतात. "बॉइल्ड" लिहिलेल्यात धातूंचे क्षारही घातलेले असतात. आणि खाण्याचं जवस तेल कधीही फोडणीला घेऊ नका. कोशिंबिरीवर, कच्चंच.

---

बांगडाप्रेमी

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात घ्या. जवसातलं ओमेगा-३ म्हणजे १८ कार्बनचं. मेंदूला, डोळ्यांच्या पडद्याला लागतं ते २२ कार्बनचं डीएचए. शरीर जवसापासून ते बनवतं, पण अगदी तुटपुंजं: ईपीएपर्यंत (मधला टप्पा, २० कार्बनचं) पाच-आठ टक्के, डीएचएपर्यंत एखादा टक्का किंवा त्याहून कमी. बायकांमध्ये थोडं बरं.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा किंवा तारली घ्यावी. १०० ग्रॅमला ईपीए-डीएचए मिळून ग्रॅमभर येतं, हंगामानुसार कमी-जास्त. आठवड्यातून दोनदा खाल्लं की रोजच्या २५० मिलिग्रॅमचा हिशेब जमला. गणेश पेठेत पापलेटच्या मागे लागणाऱ्यांना सांगायचं एवढंच, की या बाबतीत स्वस्तातला मासा महागाला भारी आहे. कालवण करा. कढईत बुडवून तळला तर माशाचा मेद तेलात आणि तेलाचा माशात जातो.

---

सायसाखर

आणि कॅप्सूल? दुकानदार १००० मिलिग्रॅमची देतो.

---

रिपोर्टवाचक

ते १००० माशाच्या तेलाचं वजन. मागच्या बाजूला बघा: साधारणपणे ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३०० मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइड उतरवायला रोज २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए लागतं. या कॅप्सूलने ते गाठायचं तर रोज ७ ते १३ गिळाव्या लागतील. तो डोस म्हणजे औषध आहे, आणि त्या पातळीला हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे चाचण्यांत दिसलंय.

धडधाकट माणसाने "हृदयासाठी" एक कॅप्सूल घ्यावी का? २०१८-१९ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, मधुमेहींवरची असेंड आणि सर्वसाधारण लोकांवरची व्हायटल, मुख्य निकषांवर फायदा निघाला नाही. रिड्यूस-इट या चाचणीत ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने घटना २५ टक्क्यांनी कमी केल्या, पण तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्यावरून अजून वाद चालू आहे. तेवढ्याच डोसच्या स्ट्रेंग्थ चाचणीत काही निघालं नाही. जवस आणि बांगड्याचे पैसे आधी खर्च करा. गरोदरपणात डीएचए २०० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. शाकाहारी असाल तर शेवाळापासूनचं मिळतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून. कॉड लिव्हरचं तेल मात्र गरोदरपणात नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

दोन वर्षांखालच्या मुलांचं तेल-तूप कापू नका. वरचा सगळा हिशेब मोठ्यांचा आहे.

---

पोळीभाजी

अवांतर: तेल कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात साठवू नका. तांब्याचा अंशही तेल खवट करायला पुरतो. रुखवतातला पितळी बुधला शोभेलाच ठेवा. काच किंवा स्टील, शेगडीपासून लांब, काठोकाठ भरलेलं.

---

सायसाखर

शेवटचा प्रश्न. दिवाळीत शंकरपाळ्यांना मोहन कशाचं? घरी डालडाच घालतात, खुसखुशीत होतात म्हणून. खारीतही तेच असतं ना?

---

वजनकाटा

खुसखुशीतपणा येतो घट्ट मेदामुळे. तो मैद्याच्या कणांवर बसून चिवट जाळं होऊ देत नाही. १ जानेवारी २०२२ पासून तेलं, वनस्पती आणि ती वापरून केलेले पदार्थ, सगळ्यांत ट्रान्सची मर्यादा एकूण मेदाच्या २ टक्के झाली. त्याआधी वर्षभर तेला-वनस्पतीला ३ होती, आणखी आधी ५. त्यामुळे आजच्या पाकिटात ट्रान्स कमी, त्याजागी पामचा घट्ट भाग आला. खारीचंही तेच: "ट्रान्स ०" वाचून खूश होऊ नका, वरची सॅच्युरेटेडची ओळ बघा. तुपातही दोन-पाच टक्के नैसर्गिक ट्रान्स असतं, पण चमच्या-दोन चमच्यांत ते नगण्य.

अर्धा किलो मैद्याला १०० ग्रॅम साजूक तूप, वितळवून नाही, थिजलेलंच. आधी साखर-दुधात फेसून मग मैदा. मूठ वळली की मुटका राहिला पाहिजे. तळायला रिफाइंड शेंगदाणा, मंद आच. गरम तेलाचं मोहन घातलंत तर कडक होतील, खुसखुशीत नाही.